गुरुवारचं नाव तेहतीस भागांत का नाही?

चॅनेलकडून आलेला निरोप दोन ओळींचा होता. एका जुन्या गाजलेल्या तपासमालिकेचा प्रीक्वेल करायचं डोक्यात आहे, म्हणजे त्याच इन्स्पेक्टरची तरुणपणची गोष्ट. चालेल का, चार दिवसांत नोट पाठवा. मी मालिकांचे संवाद लिहिते. आमच्या धंद्यात 'चालेल का'चं उत्तर 'चालेल' असंच द्यायचं असतं, कारण 'नाही चालणार' लिहिणाऱ्याला पुढच्या मीटिंगला कोणी बोलवत नाही. तरी म्हटलं, या वेळी खरंच बघू. नमुना म्हणून ब्रिटिश मालिका 'एन्डेव्हर' घेतली, म्हणजे 'इन्स्पेक्टर मोर्स' या जुन्या मालिकेचा प्रीक्वेल. ज्यांच्यावर प्रयोग करायचा ते दोघे घरातच होते, पार्ल्यात, दुसऱ्या मजल्यावर.

(शेवटासकट सगळं फोडणार आहे. ज्यांना बघायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

पहिले बाबा. जन्म बँकेत गेला, शेवटची बारा वर्षं ऑडिटमध्ये. दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'पासून त्यांना तपासकथांचं वेड, पण जीव जडला तो 'इन्स्पेक्टर मोर्स'वर. कॉलिन डेक्स्टरच्या तेरा मोर्स कादंबऱ्यांपैकी अकरा त्यांनी डबा लवकर संपवून फाउंटनच्या फूटपाथवरून जमवल्या. उरलेल्या दोन कोऱ्या घ्याव्या लागल्या, ही खंत अजून आहे. मालिका 1987 ते 2000 चालली, एकूण 33 भाग, मोर्सच्या भूमिकेत जॉन थॉ. तिचा डीव्हीडीचा खोका आतेभावाने रेडिंगहून आणला होता. तो देव्हाऱ्याखालच्या कपाटात असतो. बाबा त्या नटाला 'थॉसाहेब' म्हणतात.

दुसरी आई. तिने मोर्सचा एकही भाग धड पाहिलेला नव्हता. 'तो खडूस म्हातारा गाणी ऐकत बसतो आणि बिअरचे पैसे हाताखालच्या माणसाला द्यायला लावतो', एवढीच तिची ओळख.

म्हणजे एकाला सगळं ठाऊक, दुसरीला काहीच नाही. प्रीक्वेलची परीक्षा घ्यायला याहून चांगली जोडी मला मिळाली नसती.

बाबा आधी बसायलाच तयार नव्हते. 'मागल्या तारखेची नोंद दिसली की ऑडिटरने पहिला संशय घ्यायचा असतो,' ते म्हणाले. 'माणूस 2002 मध्ये गेला. आता त्याच्या नावावर 1965 च्या नोंदी कोण करतंय?' मी म्हटलं, मग तपासा ना. हा शब्द कामी आला. त्यांनी कपाटातून एक लांबडं रजिस्टर काढलं, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'मूळ' लिहिलं आणि उजवीकडे 'नवीन'.

पहिला भाग 2 जानेवारी 2012 चा. मोर्स पडद्यावर आल्याला 25 वर्षं झाली म्हणून केलेला एकच लांब भाग. पुढे मालिका होईल हे तेव्हा ठरलेलंही नव्हतं. साल 1965. ऑक्सफर्डचं शिक्षण पदवी न घेता सोडलेला एक पोरगेला हवालदार, शॉन इव्हान्स, पंधरा वर्षांच्या एका बेपत्ता मुलीच्या तपासासाठी बाहेरून मदतीला येतो. राजीनाम्याचं पत्र टाइप करून झालेलं. त्याला हाताशी घेतो तो इन्स्पेक्टर फ्रेड थर्सडे, म्हणजे रॉजर अॅलम. हॅट, पाइप, जड पावलं, आणि आवाज असा की समोरचा चोर असला तरी आधी बसून घेईल.

'थर्सडे म्हणजे गुरुवार ना?' आईने विचारलं. 'बरोबर आहे. गुरूच आहे तो त्याचा.'

त्या क्षणापासून आमच्या घरात फ्रेड थर्सडे हे नाव संपलं. तो गुरुवार झाला.

शवविच्छेदनाच्या टेबलाशी मोर्सचा तोल जातो. बाबांनी डावीकडच्या पानावर टिकमार्क केली. थॉसाहेबांचा मोर्सही प्रेत बघवत नाही म्हणून तोंड फिरवतो. मग गुरुवार त्याला पबमध्ये नेतो. मोर्स सांगतो, मी पीत नाही. इथे बाबा खुर्चीत पुढे सरकले. ज्या माणसाला त्यांनी 33 भाग बिअरशिवाय विचार करताना पाहिलं नव्हतं, तो 'पीत नाही' म्हणतोय. गुरुवार त्याच्या हातात ग्लास देतो. बाबा काही लिहिणार होते, पेन तसंच राहिलं.

पुढे वृत्तपत्राची संपादक बाई येते आणि मोर्सला विचारते, आपण आधी कुठे भेटलोय का? आई म्हणाली, आता हिचं नि त्याचं जुळणार. बाबांनी रिमोट दाबून चित्र थांबवलं. 'अगं, ती थॉसाहेबांची मुलगी आहे. अॅबिगेल थॉ.' बापाच्या भूमिकेतल्या पोराला मुलगी विचारते, आपण भेटलोय का. आईला ते समजावून सांगितलं तेव्हा ती 'अस्सं' म्हणाली. बस. विनोद समजावून सांगितल्यावर हसू येतं तेवढंच.

आणि शेवटचा प्रसंग. गाडीत गुरुवार त्याला विचारतो, वीस वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस? मोर्स आरशाकडे नजर टाकतो. आरशात जॉन थॉचे डोळे. त्याच वेळी बॅरिंग्टन फेलुंगचं ते जुनं संगीत वर येतं, ज्याच्या ठोक्यांत मोर्स कोडमध्ये मोर्सचंच नाव वाजतं. (माझे आजोबा तारमास्तर होते. ते असते तर त्यांनी ते कट्ट-कडकट्ट कानानेच वाचलं असतं.) बाबा उठून गॅलरीत गेले, वाळत घातलेला टॉवेल उगीचच उलटा करून आले. आई मला म्हणाली, 'डोळे कोणाचे होते ते? आणि हे का उठले?'

मी त्याच रात्री चॅनेलला नोट पाठवली. मुद्दा एकच होता: जुन्या प्रेक्षकाला खुणा द्या. जुनं संगीत, जुन्या नटाचं कोणीतरी, एखादी ओळखीची लकब. पहिल्याच भागात बाबांना रडवलं, म्हणजे चालेल.

ती नोट चुकीची होती. पण हे कळायला पुढचे 35 भाग बघावे लागले. जूनमध्ये सुरू केलं होतं, संपलं दिवाळीनंतर.

रजिस्टरचं आधी सांगते. सुरुवातीचे दोन महिने बाबा अक्षरशः ऑडिटला बसायचे. त्यांची सगळ्यात मोठी हरकत मॅकनटची. मूळ मालिकेत 1990 च्या एका भागात, फ्रीमेसन या गुप्त संघटनेची मंडळी आणि मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' ऑपेरा असलेल्या, मॅकनट नावाचा मोर्सचा जुना पोलीस साहेब येतो. मोर्सला घडवणारा तो. 'मग हा गुरुवार कुठून उपटला? एका माणसाचे दोन गुरू, आणि दुसऱ्याचं नाव 33 भागांत एकदाही नाही?' हे त्यांनी लाल पेनने लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. बाकी हरकती बारीकसारीक. तिसऱ्या पर्वात ऑक्सफर्डच्या आसपास चक्क वाघ मोकाट सुटतो, तेव्हा बाबांनी 'काहीही!' असा शेरा लिहिला. आई म्हणाली, 'त्यात काय, आपल्या गोरेगावला बिबळ्या येतोच की.'

मला एव्हाना या हिशेबाचा कंटाळा यायला लागला होता, म्हणून एका रविवारी मी उलट तपासणी केली. बाबांच्याच फळीवरून 1975 ची पहिली कादंबरी काढली. मोर्सची गाडी कुठली? लान्सिया. लाल जॅग्वार टीव्हीवाल्यांनी दिली, मग डेक्स्टरनेही पुढे तीच उचलली. मोर्सच्या हाताखालचा सार्जंट लुईस कसा? पुस्तकात वेल्समधला, मोर्सपेक्षा वयाने मोठा. टीव्हीवर केव्हिन व्हॅटली, उत्तरेकडच्या न्यूकॅसलकडचा, तरुण, दोन पोरांचा बाप. आणि नंतरच्या कादंबऱ्यांतला लुईस हळूहळू त्या टीव्हीच्या लुईससारखा होत जातो. मोर्सचं पहिलं नाव तर लेखकाने 1996 पर्यंत सांगितलंच नव्हतं. तेव्हा कुठे कळलं की कॅप्टन कुकच्या जहाजावरून बापाने पोराचं नाव एन्डेव्हर ठेवलं. थोडक्यात, तुमच्या मूळ वहीतच खाडाखोड आहे, बाबा.

ते बराच वेळ पुस्तक चाळत राहिले. मग म्हणाले, 'खाडाखोड आहे, पण मालकाची सही आहे.' या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. डेक्स्टर 2017 मध्ये गेला, तोवर तो या प्रीक्वेलच्याही पाठीशी होता, मूळ मालिकेसारखा इथेही पडद्यावर कुठेतरी कोपऱ्यात दिसायचा. म्हणजे सही इथेही होती. पण बाबांचा मुद्दा मला कळला. तारखा जुळणं आणि विश्वास बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरं शिकवलं आईने, आणि तेही रजिस्टरमुळेच.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी गुरुवारला गोळी लागते आणि मोर्सवर खुनाचा आळ घालून त्याला आत टाकतात. पर्व तिथेच संपतं. ज्यांनी हे 2014 मध्ये पाहिलं त्यांना पुढचा भाग बघायला 2016 उजाडावं लागलं. आम्ही चहा होईपर्यंत थांबलो. आई मोर्सबद्दल एका शब्दाने बोलली नाही. तिने बाबांना विचारलं, 'गुरुवार तुमच्या डावीकडच्या पानावर आहे का हो?'

'नाही.'

'म्हणजे मरू शकतो.'

तिथून पुढे तिने बाबांच्या रजिस्टरचा स्वतःचा उपयोग सुरू केला. नवीन माणूस आला की विचारायचं, हा मूळच्या पानावर आहे? स्ट्रेंज आहे, तो पुढे मोर्सचा साहेब होणार, मग तो वाचतो. डॉक्टर डीब्रिन आहे, वाचतो. जेक्स नाही. साहेब ब्राइट नाही. गुरुवारची मुलगी जोन नाही. नवखा पोलीस फॅन्सी नाही. पाचव्या पर्वात फॅन्सीला गोळ्या लागल्या तेव्हा आई म्हणाली, 'मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती. नाव नव्हतं ना त्याचं.'

मी पंधरा वर्षं हे काम करतेय आणि ही गोष्ट मला इतकी स्वच्छ कोणी सांगितली नव्हती. प्रीक्वेलमध्ये नायकाला मारता येत नाही. त्याच्या कपाळाला बंदूक लावली तरी घरबसल्या कळतं की हा 1987 मध्ये लाल जॅग्वार चालवणार आहे आणि 2000 मध्ये हार्ट अटॅकने जाणार आहे. मग जीव कोणासाठी वरखाली व्हायचा? ज्यांचं नाव मूळ वहीत नाही त्यांच्यासाठी. 'एन्डेव्हर' चालली ती मोर्सवर नाहीच. ती चालली गुरुवार, त्याची बायको विन, जोन आणि ब्राइट यांच्यावर. सुरुवातीला नुसता शिस्तीचा पुतळा वाटणारा ब्राइट, अँटन लेसरने केलेला, पुढे असा उलगडत जातो की शेवटच्या पर्वांत मी त्याच्याच प्रसंगांची वाट बघायचे.

विनच्या सँडविचचं सांगायलाच हवं. गुरुवारच्या डब्यात रोज बायकोने दिलेलं सँडविच असतं, वारानुसार आतलं सारण ठरलेलं. मोर्स वार ओळखून सारण सांगतो, आणि गुरुवारला ते सांगितलेलं अजिबात आवडत नाही. हे बघताना आई-बाबा एकमेकांकडे बघून हसले. बाबांचा डबाही तसाच: सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी बटाट्याची भाजी, गुरुवारी उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी. बँकेत कोणी वार विसरलं तर बाबांच्या डब्यात डोकवायचं, असं म्हणे. आठव्या-नवव्या पर्वापर्यंत गुरुवारच्या घराची वाताहत होत जाते, पोरगा सॅम सैन्यातून येऊन भलत्या संगतीला लागतो, तेव्हा आईला बसलेला धक्का काही इंग्रज पोलिसासाठी नव्हता.

मराठीत हे आपण पाहिलंय. 'रात्रीस खेळ चाले'चं पहिलं पर्व 2016 चं, त्यात अण्णा नाईक सुरुवातीलाच गेलेले. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं ते मागे जाऊन, अण्णा हयात असतानाचं. अण्णांचं पुढे काय होणार हे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं. तरी लोकांनी बघितलं, कारण जो माणूस आधी फक्त आठवणीत होता तो अंगणात चालायला लागला, आणि सोबत शेवंता आली. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांची ती पात्रं पहिल्या पर्वाच्या रहस्यापेक्षा मोठी झाली. माझ्या नोटमध्ये हे उदाहरण हवं होतं. बाजूला होतं आणि सुचलं नाही.

कमी काय पडलं तेही लिहिते. सातवं पर्व, 2020 चं, मला पटलं नाही. व्हेनिस, मोर्स जिच्या प्रेमात पडतो ती व्हायोलेटा, तिचा नवरा लुडो, सगळं ऑपेरासारखं करायच्या नादात माणसं खोटी झाली, आणि मोर्स-गुरुवारमधलं भांडण लेखकाला हवं म्हणून झाल्यासारखं वाटलं. पण एक गोष्ट मला रोज खात होती. सगळेच्या सगळे 36 भाग एका माणसाने लिहिलेत, रसेल लुईसने. इकडे आम्ही पाचजण मिळून आठवड्याला सहा भाग ओढतो, एपिसोडची बँक, म्हणजे आधी करून ठेवलेले भाग, संपली की रात्री दोनला सीन पाठवतो, आणि चौथ्या महिन्यात नायिकेच्या मामाचं नाव बदलतं. कोणाच्या लक्षातही येत नाही. बाबांसारखा एखादा असतो, पण तो चॅनेलला पत्र लिहीत नाही.

आता शेवट. गुरुवारवर जितका जीव जडत गेला, तितकी बाबांची लाल शाईतली हरकत वजनदार होत गेली. ही या प्रीक्वेलची गंमतही आणि अडचणही. गुरुवार साधासुधा निघाला असता तर मोर्सने त्याचं नाव न काढणं कोणालाच खटकलं नसतं. पण ज्याने पहिला ग्लास हातात दिला, ज्याने छातीत गोळी झेलली, त्याच्याबद्दल 33 भागांत चकार शब्द नाही? दर पर्वाला ही उधारी वाढत होती.

12 मार्च 2023 च्या शेवटच्या भागात लेखकाने ती चुकवली. गुरुवारच्या हातून एक माणूस मेलेला असतो, मुलाच्या पायी. मोर्सला ते कळतं. तो बोलला तर गुरुवार फासावर नाही तरी तुरुंगात, गप्प राहिला तर आयुष्यभर गप्प राहावं लागणार. गुरुवार बदली घेऊन निघून जातो. हे नाव पुन्हा निघणार नाही. मूळ मालिकेतलं ते तेरा वर्षांचं मौन, जे खरं तर लेखकांच्या डोक्यात गुरुवार नव्हता म्हणूनच होतं, त्याला अचानक कारण मिळालं. आणि जोन? तिचं लग्न स्ट्रेंजशी. मोर्स मनातल्या मनात तिला सगळं सांगून टाकतो, आणि प्रत्यक्षात काहीच सांगत नाही. मग काळी जॅग्वार रस्त्याला लागते आणि समोरून लाल जॅग्वार येते.

या वेळी आईने डोळे कोणाचे हे विचारलं नाही.

बाबांनी रजिस्टर उघडलं, मॅकनटच्या पानाशी गेले आणि म्हणाले, 'मुद्दल फिटलं. व्याज राहिलं.' मला त्यांचं म्हणणं मान्य आहे. एका गुपिताने गुरुवारचं नाव झाकलं जातं, पण विनचं, ब्राइटचं, त्या सात वर्षांचं काय? शिवाय ते कारण अगदी शेवटच्या भागात, घाईघाईने आलं. तीन पर्वं आधीपासून त्याची सावली पडायला हवी होती. पण ते पुढे जे म्हणाले ते मी नोटमध्ये कधीच लिहू शकले नसते: 'आता स्ट्रेंज मोर्सला केबिनमध्ये बोलावून झापतो ना, ते सगळे सीन मला पुन्हा बघावे लागणार.'

चॅनेलचं उत्तर गणपतीतच आलं होतं. आमची नोट आवडली, 'खुणा' हा शब्द विशेष आवडला, पण तूर्त सासू-सुनेचा विषय आधी घेतोय. मी दुसरी नोट पाठवली नाही. पाठवली असती तर एवढंच विचारलं असतं, की मूळ मालिकेत नसलेला तुमचा माणूस कोण, आणि तो शेवटी कुठे जाणार, हे पहिला भाग लिहायच्या आधी ठरलंय का?

गेल्या रविवारी बाबांनी देव्हाऱ्याखालचा खोका काढला. आई या वेळी स्वयंपाकघरात न जाता शेजारी बसली, शेंगा सोलत. पडद्यावर थॉसाहेब आणि लुईस पबमध्ये. मोर्सने खिसे चाचपल्यासारखं केलं, लुईसकडे पाहिलं, आणि लुईस मुकाट्याने पैसे काढायला लागला.

'बघ,' बाबा म्हणाले, 'तुझा खडूस म्हातारा.'

आईने शेंगांवरून मान वर केली. 'त्याला सवयच तशी लागली,' ती म्हणाली. 'पहिली गुरुवारने पाजली ना.'

बाबांनी चित्र थांबवलं, आणि बराच वेळ तसंच ठेवलं.